टोकनच्या दोन बाजू जुळत नसतील तर: अठराव्या शतकातली ‘म्यूल’ टोकनं कशी जमवायची

शिवराई झाली, कंपनीचे पैसे झाले, संस्थानांची नाणी झाली, आता पुढे काय आणि खिशात तर फार पैसे नाहीत, असं विचारणारे बरेच भेटतात. त्यांना माझा एकच सल्ला असतो, इंग्लंडची १७८७ ते १७९७ या दहा वर्षांतली तांब्याची टोकनं बघा. व्यापाऱ्यांनी, खाणवाल्यांनी, दुकानदारांनी स्वतःच्या नावाने पाडलेली ही नाणी, त्यांना ‘कॉन्डर टोकन’ म्हणतात कारण इप्सविचच्या जेम्स कॉन्डरने १७९८ मध्ये त्यांची यादी छापली. आणि त्यातही खरी मजा कशात असेल तर म्यूलमध्ये. म्यूल म्हणजे ज्याच्या दोन बाजू एकमेकींसाठी बनलेल्याच नव्हत्या असं टोकन. एसटीच्या पुढे पाटी सोलापूरची आणि मागे रत्नागिरीची असावी तसा प्रकार.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. १७७५ नंतर लंडनच्या सरकारी टांकसाळीने तांब्याची नाणी पाडणं बंदच केलं, बाजारात सुट्ट्यांची बोंब, जे काही फिरत होतं त्यातलं बरंचसं खोटं, आणि कारखान्यातल्या मजुराला आठवड्याचा पगार द्यायचा कशात हा रोजचा प्रश्न. मग १७८७ मध्ये वेल्समधल्या अँगलसीच्या ‘पॅरिस’ (Parys, फ्रान्सचं नव्हे) खाणीच्या कंपनीने स्वतःच्या तांब्याची पेनी पाडली, एका बाजूला ओकच्या पानांच्या माळेत दाढीवाला ड्रुइड म्हणजे तिथला प्राचीन काळचा पुजारी, आणि कडेवर लिहिलेलं की लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसीत मागाल तेव्हा पैसे मिळतील. ती चालली म्हटल्यावर लोखंडवाला जॉन विल्किन्सन आला, मग गावोगावचे कापडवाले, चहावाले, घड्याळवाले सगळेच आले. हे सगळं पाडून द्यायचे ठेकेदार मुख्यतः बर्मिंगहॅमचे, केम्पसन, लटविच, हँकॉक, वेस्टवूड वगैरे. १७९७ मध्ये मॅथ्यू बोल्टनने सरकारसाठी वाफेच्या यंत्रावर मोठी थोरली ‘कार्टव्हील’ पेनी पाडली, एक पेनी बरोबर एक औंसाची, आणि तिथून टोकनांची गरज ओसरत गेली.

आता डाय म्हणजे पोलादी ठसा, टोकनाला दोन लागतात, एक पुढच्या बाजूची आणि एक मागची. ठेकेदाराच्या कपाटात वीस गिऱ्हाइकांच्या चाळीस डाय पडलेल्या असल्या की कुठलीही पुढची कुठल्याही मागचीशी लावता येते. ती का लावली गेली, हा प्रश्न या छंदाचा गाभा आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. माझं मत स्पष्ट सांगतो, ‘दुर्मिळ आहे’ म्हणून म्यूल घेऊ नका, या दोन डाय एका माणसाच्या हातात कशा आल्या हे सांगता येत असेल तरच घ्या.

कारणं साधारण तीन प्रकारची सापडतात. चुकून लागलेली जोडी, ही खरं तर फार कमी. दुसरा प्रकार धंद्याचा, ठेकेदार जुन्या डाय काढून, कुणाचंही खरं नाव-पत्ता नसलेली, वजनाला हलकी टोकनं पाडायचे आणि पोत्याने विकायचे, घेणारा दुकानदार ती गल्ल्यातून गिऱ्हाइकाच्या माथी मारायचा, आणि पैसे मागायला जायचं कुणाकडे तर कुणाकडेच नाही. लटविचचं नाव या धंद्यात बरंच येतं. या जातीची टोकनं झिजलेली मिळतात कारण ती खरंच बाजारात फिरली. तिसरा प्रकार संग्राहकांसाठी मुद्दाम केलेला. १७९४ च्या आसपास टोकनं जमवायचं असं काही वेड लागलं होतं की पाडणाऱ्यांच्या लक्षात आलं, नवी डाय कोरायला खर्च आहे पण जुन्या दोन डायची नवी जोडी फुकट आहे आणि संग्राहक तीही विकत घेतो! म्हणजे आपल्यासारख्यांना टोपी घालायचा धंदा तेव्हापासूनचा आहे.

यात सगळ्यात इंटरेस्टिंग माणूस म्हणजे थॉमस स्पेन्स. न्यूकॅसलचा हा गडी जमीन सगळ्यांच्या मालकीची असावी असं सांगत फिरायचा, लंडनमध्ये हाय होबर्नजवळ लिटल टर्नस्टाइलला त्याचं ‘हाइव्ह ऑफ लिबर्टी’ नावाचं दुकान होतं, तिथे पत्रकं, पुस्तकं आणि टोकनं विकायचा. १७९४ मध्ये देशद्रोहाच्या संशयावरून खटला न चालवताच त्याला सात महिने आत टाकलं, बाहेर आल्यावर या पठ्ठ्याने स्वतःचा चेहरा टोकनवर कोरून घेतला आणि भोवती लिहिलं, सात महिने तुरुंगात. त्याची एक डाय बघा, मांजर बसलंय आणि शब्द आहेत की गुलामांमध्ये राहून मी माझं स्वातंत्र्य उपभोगते, दुसरीवर कुत्रा आणि शब्द आहेत की फार कृतज्ञता म्हणजे गुलामी. एकीवर क्रांतीच्या आधीचा साखळदंडातला कैदी हाड चघळतोय, दुसरीवर क्रांतीनंतरचं जेवण आणि नाच चाललाय. अशा डझनावारी डाय, आणि त्या हव्या तशा एकमेकींना लावायचा, त्यामुळे प्रत्येक जोडीत वेगळाच टोमणा तयार होतो. म्हणून स्पेन्सचं म्यूल मी संग्राहकांना फसवायचा माल मानत नाही, ते त्याचं राजकारण होतं, अर्थात त्याला चार पैसेही हवे होते. पुढे या डाय हाय होबर्नच्याच पीटर स्किडमोरकडे गेल्या, आणि स्किडमोरने त्या स्वतःच्या, इतरांच्या, जे हाताला लागेल त्याच्याशी लावून इतक्या जोड्या काढल्या की काही विचारू नका, आणि त्यांना मात्र कसला अर्थ नाही. मांजराच्या टोकनच्या मागच्या बाजूला एखादी इमारत दिसली तर ती जोडी स्पेन्सने लावली की नंतर स्किडमोरने, हे विचारल्याशिवाय पाकीट काढू नका.

सुरुवात कुठून करायची तर म्यूलपासून नाहीच. आधी आई-बाप ओळखायला शिका. ज्या दोन सरळ टोकनांच्या डायमधून म्यूल झालं ती दोन्ही बहुतेक वेळा कॉमन असतात आणि स्वस्तात मिळतात. कॉव्हेंट्रीचं १७९२ चं हाफपेनी घ्या, घोड्यावर बसलेली लेडी गोडायव्हा, मागच्या बाजूला हत्ती आणि त्याच्या पाठीवर किल्ला. किंवा तुरुंग सुधारणारा जॉन हॉवर्ड असलेलं पोर्ट्समथचं. किंवा १ जून १७९४ ची आरमारी लढाई जिंकलेला अर्ल हाव, स्मारक टोकनांमध्ये हा भरपूर दिसतो. त्याच वर्षी देशद्रोहाच्या खटल्यातून सुटलेल्या टूक, हार्डी वगैरे राजकीय सुधारकांची टोकनंही बघा, ज्युरीने निर्दोष सोडल्याचा आनंद अक्षरशः तांब्यात कोरलाय. असे दहा-पंधरा नग हातात खेळवले की डोळ्याला सवय होते, मग म्यूलचा फोटो बघताच ‘अरे ही मागची बाजू तर अमक्याची’ असं आपोआप येतं.

डाय ओळखायची कशी हे जरा नीट वाचा. मधलं चित्र पुष्कळदा एकसारखं असतं पण भोवतीची अक्षरं आणि आकडे कोरणारा हाताने, एकेक पंच ठोकून बसवायचा, त्यामुळे दोन डायमध्ये अक्षरांची जागा कधीच तंतोतंत सारखी येत नाही. म्हणून एक खूण धरा, घोड्याचा उचललेला पाय कुठल्या अक्षराखाली येतो, तारखेतला ७ खालच्या रेषेला चिकटलाय की वर आहे, पहिलं अक्षर मण्यांच्या किनारीतल्या कुठल्या मण्यासमोर आहे. फोटो मोबाइलवर मोठा करून, त्यावर काठाला काठ जुळवून दुसरा फोटो ठेवला की पाच मिनिटांत उत्तर मिळतं. प्रकाश मात्र बाजूने पाडा, टेबल लॅम्प खाली आणून जवळजवळ आडवा, वरून फ्लॅश मारलेल्या फोटोत काहीही दिसत नाही.

कॅटलॉग एकच, डाल्टन आणि हॅमर यांचा, १९१० ते १९१८ च्या दरम्यान भागाभागाने निघालेला, आणि सगळा बाजार त्याच्याच नंबरावर चालतो, विकणारा लिहितो ‘डी अँड एच मिडलसेक्स’ आणि पुढे आकडा. रचना परगण्यांप्रमाणे आहे आणि इथेच नवा माणूस अडकतो, कारण म्यूलच्या दोन बाजू दोन परगण्यांच्या असल्या तरी कॅटलॉगमध्ये ते एकाच परगण्यात बसवलेलं असतं. नॉरफोकच्या बाजूने शोधून सापडलं नाही म्हणून ‘नवीन जोडी सापडली’ अशी आरोळी ठोकू नका, यॉर्कशायरची पानं पण उलटा. आणि त्यातल्या दुर्मिळतेच्या खुणा शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत, तेव्हा कमी दिसलेलं आता इंटरनेटमुळे बऱ्यापैकी दिसतं, उलटही होतं. ब्रिटिश म्युझियमच्या ऑनलाइन संग्रहातही यांचे फोटो आहेत. सारा सोफिया बँक्स नावाच्या बाईंचा मोठा संग्रह १८१८ मध्ये त्या वारल्यावर तिकडे गेला, टोकनं टांकसाळीतून ताजी बाहेर पडत होती तेव्हाच त्या जमवत होत्या, त्यामुळे त्यांचा नग म्हणजे संशयाला जागाच नाही.

मग कड. मी म्हणेन की म्यूलची निम्मी गोष्ट कडेवर असते आणि निम्मे विकणारे तिचा फोटोच टाकत नाहीत. टोकनच्या चकतीवर कडेची अक्षरं ठसा मारायच्या आधी उमटवायचे, दोन पोलादी पट्ट्यांमध्ये चकती दाबून फिरवायची की झालं. म्हणजे एखाद्या गावाच्या ऑर्डरसाठी अक्षरं उमटवलेल्या चकत्या शिल्लक राहिल्या तर त्या दुसऱ्याच कुणाच्या ऑर्डरीत ढकलल्या जायच्या, आणि मग दोन्ही बाजू बरोबर पण कड मात्र तिसऱ्याच गावची असंही होतं. कधी कड साधी, कधी तिरप्या रेषांची, कधी नुसती वेलबुट्टी. विकत घेताना लाजू नका, कडेचे चार फोटो मागा, टोकन दोन बोटांत धरून थोडं थोडं फिरवून काढलेले. कडेवर न्यूयॉर्कच्या दुकानाचं वाक्य आणि चेहरे इंग्लंडचे, असलं काही आलं तर थांबा आणि नीट वाचा.

न्यूयॉर्कवरून आठवलं. टॅलबॉट, ॲलम अँड ली नावाची न्यूयॉर्कची व्यापारी कंपनी, तिने १७९४ आणि १७९५ ची सेंटची टोकनं बर्मिंगहॅमच्या केम्पसनकडून पाडून घेतली, एका बाजूला गाठोड्याशेजारी उभी स्वातंत्र्यदेवी आणि दुसरीवर शिडांचं जहाज. केम्पसनकडे बाकीच्या ऑर्डरींच्या डाय होत्याच, मग या अमेरिकन डायची लग्नं लागली ती जॉन हॉवर्डशी, ब्लोफिल्डच्या घोडदळाशी, यॉर्कच्या कॅथीड्रलशी. नवशिक्यासाठी उत्तम धडा आहे हा, कारण दोन्ही डाय एकाच ठेकेदाराकडे होत्या हे पक्कं माहीत आहे, तारखा जवळच्या आहेत, आणि ही म्यूलं कॅटलॉगमध्ये आहेत. फक्त अमेरिकन संग्राहकही यांच्या मागे असतात म्हणून भाव चढा असतो, तेव्हा यांच्यावर अभ्यास करा आणि खरेदी दुसरीकडे करा. जाता जाता, याच कंपनीची उरलेली हजारो टोकनं १७९५ मध्ये अमेरिकन टांकसाळीने विकत घेतली आणि त्यांच्यातून चकत्या कापून हाफ सेंट पाडले, काही हाफ सेंटवर अजून जहाजाच्या दोऱ्या पुसट दिसतात.

डायची तब्येत बघणं ही पुढची पायरी. डाय वापरून वापरून तडकते, ती भेग टोकनवर उंच बारीक रेघ म्हणून येते, गंजली तर उंच पुटकुळ्या येतात, मध्ये खचली तर टोकनच्या मोकळ्या जागेत फुगवटा दिसतो. समजा सरळ टोकनच्या सगळ्या नगांवर तारखेजवळ छोटी भेग आहे आणि म्यूलवर तीच भेग लांब होऊन पार काठापर्यंत गेलीय, तर म्यूल नंतरचं. आणि पुटकुळ्या भरपूर, सगळी चमक मात्र ताजी, झीज शून्य, असा नग दिसला तर समजा की डाय कित्येक वर्षं कुठेतरी पडून होती आणि कुणीतरी नंतर संग्राहकांसाठी काढली. हे किती नंतर होऊ शकतं याचा नमुना बोल्टनच्याच बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीचा. १८५० मध्ये ती विकली गेली, लंडनच्या डब्ल्यू. जे. टेलरने जुन्या डाय भंगारात उचलल्या आणि पुढची बरीच वर्षं त्यांच्यावर नव्याने नग पाडले, त्यात कधीच न जमलेल्या जोड्याही आल्या. टोकनवर तारीख १७९० च्या दशकातली आणि पाडलंय व्हिक्टोरिया राणीच्या काळात. सोहोचं नाव आपल्याला परकं नाही, मुंबई इलाख्याचे १७९१ आणि १७९४ चे तराजूवाले तांब्याचे पैसे, अरबी लिपीत ‘अदल’ लिहिलेले, तिथेच पाडून जहाजाने इकडे आले होते. अनेकांच्या घरी जुन्या डब्यात एखादा निघेल, तो काढून भिंगाखाली धरा, तेव्हाचं यंत्रावरचं काम कसं दिसतं याचा अंदाज फुकटात येतो.

खोट्या मालाबद्दल. म्यूलमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा उद्योग म्हणजे दोन खरी टोकनं घेऊन एकाची मागची बाजू लेथवर कोरून पोकळ करायची, दुसऱ्याची घासून तिच्यात बसवायची, आणि ‘जगात एकमेव’ म्हणून विकायचं. जोड कडेवर नसतो, आतल्या बाजूला किनारीच्या पायथ्याशी असतो, दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने ती गोल रेघ सगळीकडून बघा. बोटाच्या टोकावर तोलून पेनाने हळूच टिचकी मारा, अख्ख्या तांब्याचा आवाज लांबतो, जोडलेल्याचा बद्द येतो. वजनाचा प्रयोग घरी होतो, सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या, टोकनचं वजन लिहून ठेवा, मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा, टोकन दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला टेकू देऊ नका, आता दिसतो तो आकडा म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. ९.८० ग्रॅमचं टोकन आणि आकडा १.१० आला तर उत्तर ८.९, म्हणजे तांबं. आत शिसं भरलेली नक्कल असेल तर उत्तर वर सरकतं, आत हवा राहिली असेल तर खाली. लगेच टिपून कोरडं करा.

आणि आपल्याकडची एक जात वेगळी सांगतो कारण ‘वेगळी जोडी आहे’ म्हणून तीच गळ्यात मारतात. एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८. जत्रेत, चोर बाजारात, फेसबुकवर, सगळीकडे लाखाच्या गोष्टी चालतात. कंपनीने हे नाणं कधी काढलंच नव्हतं, हा अलीकडचा बनवलेला माल आहे, देव्हाऱ्यात ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, संग्रहात नको.

खरेदी ब्रिटनमधल्या लिलावांतून किंवा तिथल्या जुन्या टोकन-व्यापाऱ्यांकडून करा, आणि हाफपेनीच्या भावात लिलावाचं कमिशन, टपाल, इथलं कस्टम्स हे सगळं आधी मिळवून बघा, कधीकधी टोकनापेक्षा बाकीचाच आकडा मोठा होतो म्हणून तीन-चार नग एकत्र मागवलेले बरे. दोन नगांत निवड करायची वेळ आली तर मी झिजलेलं म्यूल घेईन, चकचकीत नाही. झीज म्हणजे ते कुणाच्या तरी खिशात फिरलं, भाजीपाल्याला, बिअरला गेलं, म्हणजे जोडी निदान बाजारासाठी होती. चकचकीत हवंच असेल तर स्पेन्सचं घ्या, त्याची तशीच असतात बहुतेक.

घरी आल्यावर हात जोडून विनंती, पितांबरी नको, चिंच नको, लिंबू-मीठ तर नकोच. आपल्याकडे तांबं दिसलं की घासायची सवय आहे, पण दोनशे वर्षांचा तो चॉकलेटी थर एकदा गेला की परत येत नाही आणि किंमत तिथेच निम्मी. मऊ प्लॅस्टिकची चिकट पाकिटं टाळा, त्यातून सुटणाऱ्या रसायनाने हिरवा चिकटा धरतो, मायलरच्या (पारदर्शक, न चिकटणाऱ्या फिल्मच्या) खिडकीचे कागदी होल्डर घ्या. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि मधूनमधून बदला. फिकट हिरवी पावडर दिसली तर तो नग आधी बाकीच्यांपासून वेगळा करा, उपाय मग शोधा.

होल्डरवर दोन्ही बाजू, कड, वजन, दोन्ही बाजूंची दिशा म्हणजे उभ्या अक्षावर फिरवलं की मागची बाजू सरळ दिसते की उलटी, कॅटलॉग नंबर, आणि कुणाकडून कधी घेतलं, एवढं बारीक अक्षरात लिहा, बिल जपून ठेवा. बिल का, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तूत मोडतं आणि अशी वस्तू देशाबाहेर पाठवायला खाजगी माणसाला मोकळीक नाही. बाहेरून आणलेलं टोकन उद्या लंडनच्या लिलावात परत पाठवायचा विचार असेल तर पुरातत्त्व खात्याकडे आधी चौकशी करा, आणि ते बाहेरूनच आलं होतं हे दाखवायला तुमच्याकडे ते बिल आणि कस्टम्सची पावती असू द्या.